वरचा दात

वाशी, शिवरात्रीच्या आधीचा सोमवार, सन १९४८

अण्णा,

शरणार्थ. आधी वाचा, मग फाडायचं असेल तर खुशाल फाडा. मी भांडायला लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायला तुमच्याशिवाय मला माणूस नाही. मला पहिला दात कधी आला, आणि तो येण्याआधी मी काय काय सोंगं केली होती?

हसू नका. आई असती तर तिला विचारलं असतं. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते आणि तुम्हाला नुकतं मिसरूड फुटत होतं. माझी घुटी, माझं न्हाणं, माझं जावळ सगळं तुम्ही निभावलंत, तेव्हा दातही तुम्हीच पाहिला असणार.

इरूला सातवा महिना लागलाय. तुमचा भाचा. नाव ईरण्णा ठेवलं, माझ्या सासऱ्यांचं. बारशाला तुम्ही नव्हता म्हणून सांगते. तर गेल्या बाजारापासून या पोराची लाळ थांबत नाही. अंगडं बदलावं तर घटकेत ओलं. हनुवटीवर आणि गळ्याच्या वळीत लाल पुरळ उठलंय. अख्खी मूठ तोंडात कोंबतो, ती मावत नाही म्हणून रडतो, आणि काढून घेतली म्हणूनही रडतो. डावा कान ओढत बसतो. पाजायला घेतलं की दोन घोट पितो आणि करकचून चावतो, तेही दात नसताना. मी ओरडले की हसतो. तुमच्यावर गेलाय.

आता ही दात येण्याची लक्षणं की आणखी कशाची? घरात विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. सासूबाई म्हणतात लाळ गळते म्हणजे पोरगं बोलकं होणार, दाताचा काही संबंध नाही. शेजारच्या बानूबाईनं पाच लेकरं वाढवली, ती म्हणते कान ओढतोय म्हणजे कानच दुखतोय, लसणाचं तेल घाल. वैद्यांनी नाडी धरली आणि उष्णता म्हणाले. ते कुणालाही उष्णताच म्हणतात. इरूच्या वडलांना विचारावं तर करडईचा हंगाम चालू आहे, त्यांना सध्या घाणा आणि पेंड यापलीकडे जग दिसत नाही. अंगणात चालायला जागा नाही इतके करडईचे ढीग पडलेत. मी एका कानानं लसूण ऐकते, दुसऱ्यानं उष्णता, आणि मांडीवर हा ओला गोळा घेऊन बसते.

हे पत्र लिहितेय ते इथं कुणाला ठाऊक नाही. बांगडीवाला नागप्पा माल आणायला सरहद्दीपलीकडे बार्शीला जातो, तो टोपल्यातल्या गवतात घालून नेईल. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी बांगड्या मोजतात, गवत कुणी मोजत नाही. तुमचा कॅम्प नेमका कुठं आहे ते मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. विचारलं की नको तेव्हा तोंडून निघतं.

आश्विनात पोलिसांचा अमीन दुकानात आला त्यावर मला आज काही लिहायचं नव्हतं. पण न लिहिता पुढं जाता येत नाही. मी आत ज्वारी निवडत होते. अमिनानं विचारलं, निजामाशी वैर घेऊन सरहद्दीपलीकडे गेलेला मल्लिनाथ तुमचा कोण. हे म्हणाले, बायकोचा भाऊ होता, आम्हाला तो मेला. मी ऐकलं. तुमच्या कानावर ते चार दिवसांत गेलं आणि तुम्ही निरोप धाडलात, की या उंबऱ्याला पाय लावणार नाही आणि त्या माणसाच्या हातचं पाणी पिणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के. मधल्या मधे माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

जाऊ द्या. दाताचं तेवढं लिहा.

तुमची,
जगदेवी


वाशी, शिवरात्रीनंतरचा बाजार

अण्णा,

नागप्पा म्हणतो तुम्ही पत्र उभ्याउभ्या वाचलंत आणि घडी करून बंडीच्या खिशात घातलंत. उत्तर नाही दिलंत, पण फाडलंही नाहीत. सध्या मला तेवढं पुरे.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही यावर कालची रात्र घालवली. लिहिलं नाही तर पाप, लिहिलं तर तुम्ही हसणार.

परवा इरूला अंगणात गोधडीवर बसवलं होतं. उशी लावली की बसतो आता. भोवती करडई वाळत होती आणि मी सुपानं पाखडत होते. दिसेल ते तोंडात घालायचं वय, मी दहादा हात धरला. संध्याकाळपासून किरकिर वाढली. काल सकाळी छातीला तोंडच लावीना. ओठ लावायचा आणि कळवळून मान फिरवायचा. सासूबाईंनी त्याला दारात उजेडाला नेलं, तोंड उघडलं आणि शिव शिव म्हणत खालीच बसल्या. वरच्या हिरडीला दात. पांढरा, गुळगुळीत, चकचकीत. त्यांनी चमचा लावला तर टक्कन वाजला. मी स्वतः पाहिला, अण्णा, आणि स्वतः ऐकला.

तुम्हाला ही रीत ठाऊक असेल नसेल. पहिला दात खालचा यावा. वरचा आधी आला तर तो मामावर येतो. मामाच्या जिवाला जड म्हणतात. बानूबाईला विचारलं, तर तिनं तोंडावर पदर घेतला आणि किती मामा आहेत पोराला, म्हणून विचारलं. एकच, म्हटलं. तशी ती उठून घरी गेली.

यावर उपाय आहे. मामानं कांशाची वाटी घेऊन यायची. वाटीत गोडं तेल ओतायचं, पोराला पाठमोरं मांडीवर घ्यायचं आणि त्याचं तोंड आधी तेलात पाहायचं, मग सरळ. म्हणजे जे काय यायचं ते तेलावर जातं. पण वाटी मामानंच आणायची आणि पाहायचंही मामानंच. दुसऱ्या कुणाला चालत नाही.

आता गंमत ऐका. आश्विनापासून या घरात तुमचं नाव निघालं की सासूबाई भिंतीकडे तोंड करायच्या. काल त्याच मला म्हणाल्या, “कसा बी असंना, पोराचा मामा हाय. मल्लिनाथाला बोलवा.”

मग यांना दुकानातून बोलावलं. त्यांच्यासमोरही त्या तेच म्हणाल्या, मामाच्या जिवावर आहे, त्याला बोलवा. यांनी धोतराला हात पुसले, इरूला उंबऱ्यात नेलं, बोट तोंडात घालून पुष्कळ वेळ चाचपलं. माझ्याकडे पाठ होती. मग म्हणाले, “व्हय. वरचाच हाय. हिरडी हुळहुळी झालीया, आता कुणी बोट घालू नका.” इरूला माझ्या हातात दिला आणि दुकानात निघून गेले. मला इतका संताप आला. या माणसानं तुम्हाला एकदा जिभेनं मारलं, आता लेकाच्या दातानं मारायची पाळी आली, आणि हा पेंड मोजायला जातो.

संध्याकाळी मात्र इरू पोटभर प्याला आणि गाढ झोपला. दात बाहेर पडला की कळ थांबते म्हणतात ते खरं दिसतं.

अण्णा, मला कळत नाही तुम्हाला या म्हणू की येऊ नका म्हणू. तुमच्या नावाचं वॉरंट आहे. रझाकार रोज रस्त्यानं हिंडतात. आलात तर अमीन, नाही आलात तर दात. तुम्ही असलं काही मानत नाही, मला माहीत आहे. मीही मानत नव्हते, काल सकाळपर्यंत.

मी तुमच्यासाठी सोमवार धरलेत. जपून राहा. झाडाखाली झोपू नका, विहिरीत उतरू नका, आणि पिस्तूल-बिस्तूल काही असेल तर ते दुसऱ्या कुणाकडे द्या.

जगदेवी


वाशी, होळीचा दुसरा दिवस

अण्णा,

दात गेला.

मी शुद्धीवर आहे. यांनी बोट घालू नका म्हटलं म्हणून मी दोन दिवस दम धरला, पण आईला कोण अडवणार. इरू जांभई द्यायला लागला तशी मी वाकून पाहिलं. वरची हिरडी कोरी. सपाट, गुलाबी, मागमूस नाही. मला वाटलं उजेड कमी असेल, म्हणून त्याला बाहेर नेऊन हसवलं. हसला, आणि वर काही नाही. बोट फिरवलं, मऊ लागलं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या बघायलाच तयार नाहीत. म्हणे वंगाळ दात लपून बसतो, मामा आला की निघतो. बानूबाई म्हणाली तिच्या नणंदेच्या पोराचाही एक दात असाच आत गेला होता आणि पुढं ते पोरगं मुंडासं न बांधता हिंडायला लागलं. याचा त्याचा काय संबंध ते तिलाही सांगता येईना. वैद्य म्हणाले दात कधी आत जात नाही, पण मग आला होता तो काय, यावर पुन्हा उष्णता. यांना विचारलं. हिशेबातून मान वर न करता म्हणाले, आईला विचार.

मी दिवसातून कितीदा त्याचं तोंड उघडते याला आता गणती नाही. पोरगं मला बघितलं की ओठ मिटून घेतं.

आणि तुमचं उत्तर आलं. नागप्पानं बांगड्या भरता भरता ते माझ्या मुठीत दिलं, मी बांगडी बोचल्याचं सोंग करून रडून घेतलं. चार ओळी लिहायला तुम्हाला पाच महिने लागले. पण पाठ झाल्यात मला. तुझा पहिला दात खालचा. यायच्या आधी कितीतरी दिवस तू माझा अंगठा चावत होतीस, लाळेनं माझी बाही भिजायची, कान ओढायचीस. अंग कोमट व्हायचं, पण ताप चढला नव्हता. चढला तर दाताच्या नावावर खपवू नकोस, वैद्य बदल. मामाची काळजी नको, उंबऱ्याला मी येणार नाही.

म्हणजे मी पण कान ओढत होते. लसणाचं तेल बंद केलं.

तुमचं वाचल्यावर मी नीट पाहायला लागले. लाळ आहेच, अंग कोमट आहे, चढत नाही. खारीक हातात दिली की ती खालच्या हिरडीवर घासतो, वरच्या नाही. खालची हिरडी मधोमध फुगलीय, तिच्यात पांढुरकी रेघ दिसते, दाबलं की रडतो आणि जरा जोरात दाबलं की बरं वाटून गप्प होतो. मग माझ्या मनात येतं, दात यायच्या आधी हिरडी अशी फुगते तर वरची का नव्हती फुगली? एका रात्रीत सपाट हिरडीतून एवढा मोठा दात निघतो तरी कसा? आणि परत जातो कसा? विचारायला गेलं तर सासूबाई म्हणतात, म्हणूनच तो वंगाळ.

मला कधी वाटतं सगळं भ्रम आहे. मग आठवतं, चमचा वाजला होता.

सासूबाईंनी मात्र तोड काढलीय. म्हणाल्या, “त्यानं उंबऱ्याची आण घेतली ना? चैती पुनवंला येरमाळ्याच्या जत्रंत येऊ दे. तिथं कुणाचा उंबरा हाय?” यांच्यासमोर म्हणाल्या. मला वाटलं आता हे भडकणार. हे म्हणाले, गाडी जुंपायची तर बैलाला नाल मारून घ्यायला पाहिजे. यातून मी काय समजायचं?

अण्णा, मी नीट विचार करून लिहिते. येऊ नका. जत्रेत पोलीस असतात, तुमचा चेहरा या भागात दहा गावं ओळखतात. दात दिसत नाही तर नसेलही. मी सोमवार वाढवीन, पण तुम्ही येऊ नका.

आम्ही पालखीच्या दिवशी, देवीच्या देवळासाठी चुनखडी वेचतात त्या रानात असू, मोठ्या आंब्याच्या अलीकडे. हे नुसतं कळवते.

जगदेवी


वाशी, पाडव्यानंतर

अण्णा,

दात आला. खालचा.

काल वाटीनं दूध पाजत होते आणि वाटी वाजली. मी थांबले. पुन्हा लावली, पुन्हा वाजली. बोट फिरवलं तर करवतीच्या दातासारखी बारीक धार लागली. मी ओरडले, सासूबाई आल्या, त्यांनी या वेळी पाहिलं. खालचाच, मधला. त्यांना आनंद झाला आणि लगेच तो मावळला. वरचा आधी आला होता, तो लपलाय, त्यामुळे मामाचं आहे तसंच आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आता मात्र याचा निकाल लावायचा.

दुकानात गेले. हे करडई चाळत बसले होते, दुसरं कुणी नव्हतं. मी सरळ विचारलं, त्या दिवशी तुम्ही बोट घातलंत, तुम्हाला काय लागलं? त्यांनी चाळणी थांबवली. मग ढिगातून एक दाणा उचलला, दातात धरून फोडला, अर्धं टरफल अंगठ्याच्या नखावर बसवून माझ्यापुढं धरलं.

“हा बघ तुझा वरचा दात,” म्हणाले.

पांढरं, गुळगुळीत, चकचकीत. अण्णा, मी या घरात तीन हंगाम करडई पाखडली. मला ते ओळखू आलं नाही. सासूबाईंचा जन्म त्यात गेला, त्यांनाही नाही. हिरडीला चिकटून बसलं आणि पोराच्या तोंडात ते दातच झालं.

मी विचारलं, मग गेलं कुठं? तेव्हाच बोटानं काढलं म्हणाले, घशात गेलं असतं तर? माझ्याकडे पाठ का केली होती ते मला आता कळलं. मी म्हटलं, काढलंत तर काढलंत, मग व्हय वरचाच हाय, असं कशाला म्हणालात? सासूबाई उपास करतात, मी सोमवार करते, माझा तिकडं जीव जातोय.

त्यांचं बोलणं तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, कारण हे माणूस फार बोलत नाही आणि बोललेलं पुन्हा सांगत नाही.

“आई म्हणली मल्लिनाथाला बोलवा. आश्विनापसनं या घरात त्यांचं नाव कुणी धड घेतलं न्हवतं. मला लई येळा घ्यावं वाटलं, तोंड न्हाय झालं. टरफल हाय म्हणलो असतो तर निघालेलं नाव सगळ्यांनी परत गिळलं असतं.”

मग चाळणी खाली ठेवून म्हणाले, “आन आई म्हणली, मामाच्या जिवावर हाय. त्या दिवशी अमिनापुढं म्या तेच म्हणलो हुतो, मेला म्हणून. दुकान वाचवायला म्हणलो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तवा कळलं म्या काय बोलून बसलो.”

मी रागावले, रडले आणि हसलेही, कोणतं आधी ते आता सांगता येत नाही. तुम्हाला वाईट-साईट स्वप्नं पाडणारं पत्र लिहिलं मी, एका टरफलापायी. राग यायला हवा, आणि यांचा धड राग धरता येत नाही. नागप्पाच्या टोपल्यातून काय जातं तेही म्हणे यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आपल्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि मीच एकटी गवतात पत्र लपवत बसते.

तर अण्णा, तुमच्यावर काही नाही. इरूचा पहिला दात खालचा, माझ्यासारखाच. सासूबाईंना आम्ही काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर बैलाचा नाल निघेल आणि गाडी जागची हलणार नाही, म्हणून.

म्हणजे आता तुम्हाला यायला कारण उरलं नाही. दात असता तर निदान हक्कानं बोलावलं असतं. आता बोलवायचं तर कशाच्या जोरावर, ते मला सुचत नाही. पोलीस आहेत, वॉरंट आहे, तुमची आण आहे. हे सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात काय, तर इरू तुम्हाला दाखवायचाय. एवढंच.

लहानपणी मी तुम्हाला अरे-तुरे करायची. लग्नानंतर सासूबाईंनी ती सवय मोडली. आज एकदा त्यांची शिस्त मोडू दे. अण्णा, कारण नाही, तरी ये. अमीन दिसला तर येऊ नकोस, लांबूनच परत जा. नाही दिसला तर ये. काय बरोबर ते मला कळत नाही रे. मला फक्त तू यावंस असं वाटतं.

जगू


वाशी, येरमाळ्याहून आल्यावर

अण्णा,

तुम्ही दोघंही चोर आहात.

मी त्या रानात उन्हात उभी राहून हजारो तोंडं पाहिली. चुनखडी वेचायला वाकलेला प्रत्येक माणूस मला तुम्ही वाटला. एका धनगराला तर मी अण्णा म्हणून हाकही मारली, तो बिचारा घाबरला. काठीवाले पोलीस दोन हातांवरून फिरत होते. ते दिसले की मी मनात म्हणायची नका येऊ, आणि गेले की म्हणायची आता या. यांनी इरूला खांद्यावर घेतलं, तांब्या हातात घेतला, पाणी बघून येतो म्हणाले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पालखी आंब्याखाली जाऊन पोचली तरी यांचा पत्ता नाही. मी आणि सासूबाई एकमेकींचा हात धरून उभ्या.

आले ते शांतपणे आले. इरूच्या हातात कांशाची वाटी होती आणि ती तो चावत होता. मी विचारलं कुठली ही, तर म्हणाले जत्रेत मिळाली. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारलं, मामानं बघितलं का? म्हणाले, बघितलं. सासूबाईंनी तिथंच हात जोडले आणि वाशी येईपर्यंत डोळे पुसत राहिल्या. मी मात्र घरी येईपर्यंत यांच्याशी बोलले नाही.

घरी आल्यावर यांच्या तोंडून सगळं काढून घेतलं. तुम्ही दाढी वाढवलीय. अंगावर घोंगडी होती आणि मेंढ्यांमागं उभे होता. म्हणजे मी हाक मारली तो धनगर तुमच्याच बरोबरचा की काय? मला का बोलावलं नाही, असं मी यांना विचारलं. म्हणाले, तू रडली असतीस आणि पोलीस वळले असते. हे खरं आहे, पण त्यामुळे मला काही बरं वाटलं नाही.

तेल नव्हतं म्हणे तुमच्याजवळ. सरळ बघू का, असं तुम्ही विचारलंत आणि हे बघा म्हणाले. टरफलाचं तुम्हाला माहीत असून विचारलंत. मग इरूनं तुमचा अंगठा धरला आणि चावला. आता त्याला दोन आहेत, दोन्ही खालचे, धार अशी की विचारू नका. अंगठा निळा पडला असेल. बरं झालं. मी पण चावत होते ना.

एवढं सांगून हे उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “तांब्या मागितला त्यांनी. म्या दिला. माझ्या हातचं पाणी पिले.”

अण्णा, मी तो तांब्या घासायला घेतला होता. तसाच ठेवून दिलाय. सासूबाई विचारतात बाकीची भांडी घासली, हा का राहिला. मी म्हणते राहिला.

लाळ कमी झालीय. पुरळ बसलं. आता खारीक नको, भाकरीचा कडक काठ लागतो. वाटी वाजवायचा खेळ दिवसभर चालतो, कान किटले, पण मी ती त्याच्याकडून काढून घेत नाही.

एक राहिलं. त्याचं जावळ अजून काढलेलं नाही. केस डोळ्यांवर यायला लागलेत, सारखा हातानं बाजूला करतो. बानूबाई म्हणते दे कापून, किती दिवस ठेवशील. जावळ मामाच्या मांडीवर निघायचं असतं. कात्री मी लपवून ठेवलीय.

तुमची,
जगदेवी